ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक: स्ट्रेस टेस्ट पास, पण हलक्या गेममध्ये ड्रायव्हर कोसळतो

फ्रेममोज्या (प्रश्न)

कार्ड आरटीएक्स ३०८०, १० जीबी, दोन ८-पिनवालं. पॉवर सप्लाय ७५० वॉटचा. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकच्या (कार्ड मूळ वेगापेक्षा वर चालवायच्या) सॉफ्टवेअरमध्ये कोअर (मुख्य चिप) +१३५ मेगाहर्ट्झ, मेमरी +९००, पॉवर लिमिटचा स्लायडर शेवटपर्यंत, फॅन ऑटोवर. कोअर व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावलेला नाही.

टाइम स्पाय या बेंचमार्कच्या स्ट्रेस टेस्टच्या २० फेऱ्या ९९ टक्क्यांवर पास. फरमार्क ही जड टेस्ट अर्धा तास बिनबोभाट चालते. कोअर ६९ अंश, मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान) १०२. पण एखादा जुना हलका गेम लावला, की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी पडते आणि दोन-तीन सेकंदांनी डेस्कटॉप परत येतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ (ड्रायव्हर पडून पुन्हा सुरू झाला) आणि एनव्हीएलडीडीएमकेएमची (एनव्हिडियाचा ड्रायव्हर) १५३ नंबरची नोंद. सगळं मूळ सेटिंगवर नेलं की त्रास बंद.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जड टेस्टला पुरून उरणारं कार्ड हलक्या गेमला का पडतं? दोष कोअरचा की मेमरीचा, हे कसं ओळखायचं? आणि मेमरी +९०० ला ठेवली तर +६०० पेक्षा स्कोअर कमी का येतो?

---

व्होल्टकमी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. फरमार्क आणि टाइम स्पाय या दोन्हींनी कार्डाचा खालचा आणि मधला पट्टा तपासला. वरचा पट्टा कोणी तपासलाच नाही, आणि हलका गेम नेमका तिथेच चालतो.

आफ्टरबर्नर उघडून कंट्रोल आणि एफ दाबा. जी रेघ दिसेल ती व्होल्टेज-फ्रीक्वेन्सी कर्व्ह. प्रत्येक व्होल्टेजला किती मेगाहर्ट्झ, हे त्यावर ठरतं. तुम्ही +१३५ टाकता तेव्हा ही आख्खी रेघ, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, १३५ ने वर सरकते. (कार्ड १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनीच चालतं, त्यामुळे +१४० टाकून काही वेगळं मिळत नाही.) आता कोणत्या क्षणी कार्ड या रेघेवर कुठे उभं असेल, हे ठरवतात पॉवर लिमिट, तापमान आणि व्होल्टेजची कमाल मर्यादा. या तिघांत जी आधी आडवी येईल ती.

फरमार्क लावलं की पॉवर लिमिटची भिंत लगेच लागते. ती ओलांडू नये म्हणून कार्ड रेघेवरून खाली घसरतं आणि ०.७५ ते ०.८५ व्होल्टच्या आसपास कुठेतरी बसतं. म्हणजे फरमार्कने तपासला कूलर आणि पॉवर सप्लाय. ओव्हरक्लॉक तपासायला ते निरुपयोगी आहे, तिथे तुमचं कार्ड मूळ बूस्टपेक्षाही हळू चाललेलं असू शकतं. टाइम स्पाय थोडं वर नेतं. हलक्या गेममध्ये मात्र कार्ड २००-२२० वॉटच खातं, पॉवरची भिंत लांबच राहते, कोअर थंड असतो, आणि कार्ड सरळ रेघेच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं: १.०५ व्होल्टच्या पुढे, २१०० मेगाहर्ट्झच्या आगेमागे. तिथे +१३५ झेपत नाही, एवढाच अर्थ.

खात्री करायची तर एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'परफॉर्मन्स लिमिट'च्या ओळी बघा. फरमार्क चालू असताना 'पॉवर'समोर होकार दिसेल. तो हलका गेम चालू असताना 'रिलायबिलिटी व्होल्टेज'समोर (व्होल्टेजची कमाल मर्यादा) होकार दिसेल.

स्ट्रेस टेस्टच्या टक्क्यांबद्दलही गैरसमज असतो. सर्वांत संथ फेरीचा वेग सर्वांत जलद फेरीच्या किती टक्के, एवढंच तो आकडा सांगतो. ९७ च्या वर असला की पास. चित्रात एखादा पिक्सेल चुकला का, हे तो बघत नाही. तापून वेग घसरला का, एवढंच कळतं.

तपासणी अशी करा:

१. मेमरी +० वर आणा. कोअर आणि मेमरी एकाच वेळी तपासायची नाही, नाहीतर तुमचा दुसरा प्रश्न कधीच सुटणार नाही.

२. कर्व्हमध्ये ८५० मिलिव्होल्टचा ठिपका निवडा, एल दाबा, मग अप्लाय. कार्ड त्या ठिपक्यावर बांधलं जातं. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) आणि डीएलएसएस (एआयने चित्र मोठं करणं) दोन्ही चालू असलेला गेम किंवा पोर्ट रॉयल हा बेंचमार्क अर्धा तास चालवा. रे ट्रेसिंग हवंच, कारण त्यात चिपचे असे भाग कामाला लागतात जे साध्या टेस्टमध्ये झोपलेले असतात.

३. हेच ९००, ९५०, १०००, १०५० ला. वर जाल तसं रेझोल्यूशन आणि सेटिंग कमी करत जा. कारण एल दाबून बांधलं तरी पॉवरची भिंत लागली की कार्ड खाली घसरतंच, आणि आपण १०५० तपासतोय असं वाटत असताना प्रत्यक्षात ९०० तपासलं जातं. ग्राफवर व्होल्टेजची रेघ सपाट आहे ना, हे बघत राहा.

४. जो ठिपका पडेल तो १५ ने खाली आणा आणि पुन्हा तपासा. टिकला की आणखी १५ ने खाली आणून तिथे ठेवा. ही दुसरी पायरी लोक कंजूषपणाने वाचवतात आणि पुढे महिनाभर ड्रायव्हरला शिव्या देतात.

शेवटी सरळ +१३५ च्या जागी वाकडी रेघ मिळेल. मधे +१३५ टिकेल, वरच्या टोकाला कदाचित +७५ किंवा +९०. बिघाड काही नाही, चिपला वर जाताना प्रत्येक पायरी महाग पडते.

एक जागा राहते: चढउतार. लोडिंग स्क्रीन, मेनूतून गेममध्ये जाणं, ऑल्ट-टॅब. भार अचानक वाढतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर खचतं, आणि काठावर असलेलं कार्ड तिथेच पडतं. ६० फ्रेमची मर्यादा लावून दहा मिनिटं, काढून दहा मिनिटं, मधे पाच-सहा वेळा गेममधून बाहेर-आत करा. स्थिर लूपमध्ये हे कधीच सापडत नाही.

---

तापलेला_पंखा

मेमरीचं मी सांगतो.

३०८० वर जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी आहे. कोअर आणि मेमरीमधल्या वाहतुकीत डेटा बिघडला तर ते ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय त्यात असते. म्हणून क्लॉक वाढवत गेलात की आधी वेग वाढतो, मग थांबतो, मग कमी व्हायला लागतो, आणि या सगळ्यात क्रॅश होतच नाही. कार्ड चुका करतंय आणि निस्तरतंय, त्यात वेळ जातोय. तुमचा +९०० चा स्कोअर +६०० च्या खाली आहे तो यामुळेच. 'क्रॅश होत नाही म्हणजे स्थिर' हा जुना नियम इथे लावू नका.

आकडे बघा. आफ्टरबर्नर या मेमरीचा क्लॉक ९५०१ दाखवतं, त्याची दुप्पट म्हणजे प्रत्येक पिनला सेकंदाला १९ गिगाबिट. +६०० ला २०.२ गिगाबिट होतात. ३२० बिटच्या बसवर ७६० जीबी प्रति सेकंदाचे ८०८ होतात. +९०० ला कागदावर ८३२. कागदावरच.

बरोबर आकडा असा शोधा. कोअर मूळ सेटिंगवर, फॅन एका ठराविक टक्क्यावर पक्का. कार्ड २० मिनिटं तापवून घ्या. गार मेमरी +१००० ला सुद्धा गोड वागते. मग +० पासून १०० च्या पायऱ्यांनी वर, प्रत्येक पायरीवर तोच बेंचमार्क तीनदा, मधला स्कोअर लिहून ठेवा. जिथे वाढ थांबते तिथून १०० ते १५० मागे या. ऑनलाइन कोणाचे +१२०० चालतात याच्याशी तुम्हाला काही कर्तव्य नाही. बहुतेकांनी स्कोअर बघितलेलाच नसतो.

मेमटेस्ट व्हल्कन किंवा ओसीसीटीची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट चालवा, पण निकाल नीट वाचा. एक जरी चूक आली तरी तो क्लॉक बाद. शून्य चुका आल्या तर मात्र आनंद नको, कारण दुरुस्त झालेल्या चुका तिथे दिसत नाहीत. मेमटेस्ट व्हल्कन वाचन-लेखनाचा वेग जीबी प्रति सेकंदात दाखवतं, तो पायरीगणिक वाढतोय का ते बघा.

आता तुमचे १०२ अंश. जीडीडीआर६एक्स ११० ला पोचली की कार्ड स्वतःहून क्लॉक पाडतं. १०२ धोक्याच्या आत असलं तरी वर वाव उरत नाही. फॅन ऑटोवर असेल तर तो कोअरच्या ६९ कडे बघून मजेत फिरतो, मेमरीकडे बघणारं कोणी नाही. हाताने कर्व्ह आखा: ६० अंशांना ६० टक्के, ७० ला ७५. एवढ्यानेही मेमरी खाली येते.

नाहीच आली तर चिप आणि हीटसिंकमधले थर्मल पॅड बदला. इथे जाडी चुकवू नका. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि एकाच कार्डावर मेमरीचे आणि व्हीआरएमचे (वीज पुरवणारे भाग) पॅडही वेगळ्या जाडीचे असू शकतात. जाड पॅड लावले की हीटसिंक वर उचलला जातो आणि कोअरवर नीट टेकत नाही. मेमरी गार होते, पण हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) वर पळतो. कोअर आणि हॉट स्पॉट यांच्यात १०-१५ अंशांचा फरक साधारण असतो. पॅड बदलल्यावर तो २५ च्या पुढे गेला तर कार्ड पुन्हा उघडायचं.

ओळखायचं कसं म्हणाल, तर ठोकताळा असा: रंगीत चौकोन, लुकलुकणारे ठिपके, ताणलेले त्रिकोण दिसले तर आधी मेमरीवर संशय. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ आणि एकदम काळी स्क्रीन, मग ४१०१, तर कोअर. ठोकताळाच आहे, कायदा नव्हे. मेमरी शून्यावर आणून बघणं हाच खरा निकाल.

---

कर्व्हवाकडी

व्होल्टकमी यांचं सगळं बरोबर, पण मी एक पाऊल पुढे जाईन. ३०८० ला वरच्या टोकाला न्यायचंच कशाला?

कोअर जी वीज खातो ती फ्रीक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबाने. १.०५ वरून ०.९० व्होल्टवर या: ०.९० भागिले १.०५, त्याचा वर्ग ०.७३. म्हणजे तोच क्लॉक धरला तर कोअरचा खर्च जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो. जड गेममध्ये तुमचं कार्ड पॉवरच्या भिंतीला धडकूनच चालतं, त्यामुळे वाचलेले वॉट थेट टिकाऊ क्लॉकच्या रूपात परत मिळतात. मेमरीचा खर्चही याच ३२० वॉटांतून जातो, हेही विसरू नका. मेमरी ताणली की कोअरच्या तोंडचा घास जातो.

कृती: कोअर ऑफसेट −२५० करा, आख्खी रेघ खाली जाईल. मग ९०० मिलिव्होल्टचा एकच ठिपका उचलून १८९० वर न्या. अप्लाय. त्याच्या उजवीकडचं सगळं आपोआप सपाट होतं. आता हलका गेम असो की जड, कार्ड ०.९० च्या वर जाणारच नाही. जो वरचा पट्टा तुम्हाला पाडतोय तो पट्टाच काढून टाकला. तपासायला एकच टोक उरतं, आणि ते सगळ्या गेममध्ये तेच असतं.

हलक्या गेममध्ये २१०० चे १८९० झाले म्हणून हळहळू नका. तिथे फ्रेम आधीच भरपूर असतात.

आणि कोणी रजिस्ट्रीमधला 'टीडीआर डिले' वाढवायला सांगितला तर ऐकू नका. कार्ड दोन सेकंद उत्तर देत नाही तेव्हा विंडोज ड्रायव्हर नव्याने उभा करतं, तोच तुमचा ४१०१. दोनाचे दहा केलेत तर कार्ड तेच राहील, फक्त गोठलेली स्क्रीन दहा सेकंद बघत बसाल.

---

व्होल्टकमी

@कर्व्हवाकडी, रोजच्या वापराला मान्य. पण एक खोच आहे: ज्याला १४४० पीवर जास्त रिफ्रेशचा मॉनिटर पुरवायचा आहे, त्याच्या कार्डाला बऱ्याचदा पॉवरची भिंत लागतच नाही. त्याच्यासाठी ०.९० ला कापणं म्हणजे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ सोडून देणं. मधला मार्ग ०.९५ ते १.०० ला कापण्याचा. आधी एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोणती मर्यादा लागतेय ते बघा, मग ठरवा.

---

अर्थिंग_नीट

कार्डावर सगळं ढकलण्याआधी दोन-चार गोष्टी वगळून घ्या.

ड्रायव्हर पडून डेस्कटॉप परत येणं वेगळं, आणि मशीन खाडकन बंद पडून रिस्टार्ट होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ४१०१ नसतो, कर्नल-पॉवर ४१ दिसतो. तो दिसला तर पॉवर सप्लायकडे बघा. ३०८० काही मिलिसेकंदांपुरती आपल्या ३२० वॉटच्या कितीतरी वर उसळी मारते. सॉफ्टवेअर ती दाखवत नाही, पण पॉवर सप्लायचं संरक्षण ती बघतं आणि बंद होतं. ७५० वॉट ही एनव्हिडियाने या कार्डासाठी सांगितलेलीच मर्यादा आहे, तिथे तुम्ही काठावर आहात, आणि पॉवर लिमिट ताणलंय.

दोन ८-पिनसाठी दोन स्वतंत्र केबल वापरा. एकाच केबलला शेवटी दोन तोंडं असलेली नको. एका ८-पिनचं मान १५० वॉट, स्लॉटचं ७५. दोन्ही तोंडं एकाच केबलवर टांगलीत तर ३०० वॉट एकाच केबलमधून जातात आणि टोकाला व्होल्टेज घसरतं. कार्डाला ते अस्थिर ओव्हरक्लॉकसारखंच दिसतं.

कार्ड रायझर केबलवर (स्लॉटपासून लांब जोडायची केबल) उभं केलं असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए १७ च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदींच्या रांगा लागल्या असतील, तर तो पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीचा दोष. बायोसमध्ये स्लॉट चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर आणून बघा. नोंदी गेल्या तर रायझर बदला.

रॅमचं एक्सएमपीही (रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल) एकदा बंद करून तपासा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचा किस्सा तर प्रसिद्धच: अनरियल इंजिनचे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून पडायचे, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, आणि दोष निघाला प्रोसेसरचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) आला. तसा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अद्ययावत करा.

अर्थात तुमच्या बाबतीत मूळ सेटिंगवर त्रास जातो, म्हणजे हे सगळं कमी संभवतं. पण ओव्हरक्लॉकने एखादी कच्ची केबल उघडी पडली असंही होऊ शकतं.

---

लालकार्ड

मधेच विचारतो. एएमडीच्या आरएक्स ६८०० एक्सटीला हेच लागू का?

---

कर्व्हवाकडी

@लालकार्ड, तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. एएमडीच्या ॲड्रेनॅलिन सॉफ्टवेअरमध्ये ठिपके ओढायची सोय नाही. तिथला व्होल्टेज स्लायडर ११५० वरून ११०० केला तरी कार्ड ११०० वरच चालेल असं नाही. आख्खी रेघ तेवढी खाली सरकते असं समजा. म्हणून हलक्या भाराला, जिथे व्होल्टेज मुळातच कमी, तिथेही कपात लागते. तिथली तपासणी चुकवू नका. मेमरी २००० वरून २१५० पर्यंतच जाते, आणि तिथेही स्कोअर उलटा फिरू शकतो. 'फास्ट टायमिंग' आणि क्लॉक एकाच वेळी बदलू नका.

---

फ्रेममोज्या

सांगितल्याप्रमाणे ठिपक्या-ठिपक्याने तपासलं. मेमरी +० ठेवून:

०.८५ व्होल्ट, १८०० मेगाहर्ट्झ: अर्धा तास, ठीक.
०.९० ला १८९०: ठीक.
०.९५ ला १९६५: ठीक.
१.०० ला २०४०: २२ व्या मिनिटाला ४१०१. २०२५ ला टिकलं.
१.०५ ला २१००: चौथ्या मिनिटाला पडलं. २०५५ ला टिकलं.

मेमरीचा स्कोअर +६०० पर्यंत वाढतो, +७०० ला तिथेच, +८०० पासून खाली. +५०० वर ठेवली. फॅन कर्व्हने मेमरी जंक्शन १०२ वरून ९४. केबल एकच होती दोन तोंडांची, ती बदलली.

आता ०.९५ ला १९५० वर रेघ कापली आहे. एक कोडं उरलं. सेव्ह केलेलं प्रोफाइल रिस्टार्टनंतर कधी १९६५ दाखवतं, कधी १९३५. आफ्टरबर्नर विसरतं का?

---

व्होल्टकमी

विसरत नाही. रेघ तापमानाबरोबर सरकते: कोअर गार असेल तर तोच ठिपका वर, तापला की १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली. तुम्ही ४० अंशांवर ठिपका १९५० ला ठेवलात तर गेममध्ये तो १९३५ किंवा १९२० होणार. उलट ६८ अंशांवर १९५० ठेवून सेव्ह केलंत, तर थंड मशीन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो १९६५-१९८० ला जाणार. तुमचा ०.९५ व्होल्टचा तपासलेला आकडा १९६५ आहे, म्हणजे १९८० ही न तपासलेली पायरी.

म्हणून गेम दहा मिनिटं चालवून, कार्ड गरम असतानाच ठिपका ठेवा आणि प्रोफाइल सेव्ह करा. मग मशीन पूर्ण गार होऊ द्या आणि सुरू केल्या केल्या थेट तो हलका गेम लावा. गार सुरुवातीचीच ही टेस्ट. पडलं तर १५ खाली.

---

तापलेला_पंखा

आणि 'स्टार्टअपला लागू करा' हे बटण आत्ताच दाबू नका. आठवडाभर रोज हाताने प्रोफाइल लावा. हे ऑफसेट कार्डात साठत नाहीत, रिस्टार्टला पुसले जातात, त्यामुळे बिघडलं तरी मशीन मूळ सेटिंगवरच उठतं. बटण दाबून ठेवलंत आणि प्रोफाइल काठावर निघालं, तर डेस्कटॉप यायच्या आत स्क्रीन काळी. मग सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावं लागतं.

ड्रायव्हर अपडेट केल्यावर वरच्या पाचपैकी ०.८५, ०.९० आणि ०.९५ चे ठिपके पुन्हा तपासा. १.०० आणि १.०५ चे सोडले तरी चालतील, तुमची रेघ आता त्यांच्यापर्यंत जातच नाही.

---

फ्रेममोज्या

गार सुरुवातीला १९८० ला खरंच पडलं, तिसऱ्या मिनिटाला. गरम असताना १९३५ वर ठेवून सेव्ह केलं, आता गार असताना १९६५ दिसतं. तीन दिवस ४१०१ नाही. बटण अजून दाबलेलं नाही.